शेलारने पेटवलेल्या चुली

फौज सोडल्यावर मी आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात रुजू झालो. या नोकरीलाही मी पोस्टिंगच म्हणतो, सवय जात नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘फौजेतलं काहीतरी थरारक लिहा’ असा आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी टाळतो. थरारक सांगण्याचा मला कंटाळा आहे. खरं तर थकवा आहे. यंदा लिहितो आहे ते एका खेळामुळे.

२०१७च्या हिवाळ्यात माझ्या शिफ्टमधला डेक्लन एका रविवारी दुपारी मला गावातल्या हॉलमध्ये घेऊन गेला. तिथे काही मंडळी टेबलावर नकाशा पसरून, लाकडी सोंगट्या मांडून जुन्या लढाया खेळत. बरोबर माझी मुलगी रेवा होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इथल्या हेलाच्या इंग्रजीत.

डाव असा होता. इराणच्या सम्राटाची फौज अथेन्सवर चालून येते आहे. खऱ्या इतिहासात ग्रीक समुद्रात लढले आणि जिंकले. या डावात त्यांनी वेगळं ठरवलं होतं: लढायचं नाही, अख्खं शहर जहाजांत भरायचं आणि समुद्रापार इटलीच्या किनाऱ्यावर नव्याने वसवायचं. डेक्लन इराणी सेनापती, रेवाकडे जहाजं आणि माझ्याकडे रिअरगार्ड, म्हणजे सगळे निघेपर्यंत मागे थांबणारी तुकडी. नुअला नावाच्या निवृत्त शिक्षिका पंच होत्या. “तू फौजी माणूस, यू विल बी ग्रँड,” डेक्लन मला म्हणाला, म्हणजे तुला सहज जमेल.

अडचण एकच होती. डेक्लनचे टेहळे टेकडीवर बसले होते. शहर रिकामं होतंय हे कळलं असतं तर त्याने घोडदळ थेट बंदरावर सोडलं असतं. मी नुअलाबाईंना सांगितलं की रिकाम्या घरांतल्या चुली रोज सकाळी पेटतील. लांबून धूर दिसला की माणसं घरात आहेत असंच वाटतं. त्या खूश झाल्या. टेहळ्यांना दिसेल तेवढ्यावरच चाल करायची असा नियम होता, म्हणून डेक्लन जागचा हलला नाही आणि रेवाची जहाजं भरत राहिली.

“बाबा, बट हू लाइट्स द फायर्स?” रेवाने विचारलं.

नुअलाबाई म्हणाल्या, मुलीचं बरोबर आहे, कुणीतरी मागे राहायला हवं. त्यांनी माझ्या तुकडीतली एक सोंगटी उचलून रिकाम्या शहराच्या मध्यावर ठेवली. मी त्या सोंगटीकडे पाहत राहिलो. मग घरीही कधी न सांगितलेलं तिथे सांगून टाकलं.

मी कॅप्टन होतो. सीमेवरच्या एका गावावर गोळाबारी सुरू झाली आणि गाव रिकामं करण्याची ऑर्डर आली. समोरच्या टेकडीवरून गावातली घरं दिसायची, नाल्यातली वाट दिसायची नाही. लोकांना त्या वाटेने थोडे थोडे करून पुलापलीकडे काढायचं होतं. गाव हलतंय हे समोरच्यांना कळलं असतं, तर त्यांनी पुलावर मारा केला असता. “चुली मी बघतो, साहेब,” नाईक शेलार म्हणाला. तो पाटणकडचा, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी.

पहिल्या सकाळी मी त्याच्या मागे उभा होतो. तो प्रत्येक घरात आधी पातेलं शोधायचा, पाणी भरून चुलीवर ठेवायचा आणि मग काडी ओढायचा. वेळ जातोय, नुसती पेटव, असं मी सांगितलं.

“रिकामी चूल पेटवू नये, साहेब. घरधनीण परत येणार हाय.”

फौजेत अशा गोष्टींवर वाद घालत नाहीत. मीही घातला नाही.

शेवटच्या सकाळी मी पुलावरून रेडिओवर त्याला बोलावलं.

“चार्ली टू, शेवटची माणसं पुलापार. परत फीर. ओव्हर.”

“एकच घर ऱ्हायलंय, साहेब. ओव्हर.”

“राहू दे. परत फीर. ओव्हर.”

“पाणी ठेवलंय, साहेब. ओव्हर.”

त्यानंतर गोळा पडला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणाकडची भिंत कोसळली होती आणि शेलार तिच्याखाली होता. मुठीत काडेपेटी होती. चूल शाबूत होती. वर काठोकाठ भरलेलं पातेलं, खाली न पेटलेली लाकडं. गावातल्या एकाही माणसाला ओरखडा आला नव्हता. पण त्या वेळी मला शेलारचा राग आला. एका पातेल्यापायी गेला, असं वाटलं. तो राग ओसरायला बरीच वर्षं लागली.

माझं सांगून झालं आणि हॉलमधला डाव पुढे सुरू झाला. डेक्लनने एवढंच सांगितलं की त्याच्या टेहळ्यांना अजून धूर दिसतोय, तो हलणार नाही. रेवाचं शेवटचं जहाज तेवढं किनाऱ्याला होतं. ती सोडेना. शहरातल्या त्या एका सोंगटीसाठी तिला थांबायचं होतं.

“जहाजात माणसं आहेत. सोड,” मी म्हणालो. आवाज हवा त्यापेक्षा कडक निघाला.

तिने माझ्याकडे न बघता जहाज पुढे सरकवलं. शहर सुखरूप पार झालं, नियमाप्रमाणे आम्ही जिंकलो. परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला उभा राहिलो. माझी सवय अशी, की शेगडीचं बटण आधी फिरवायचं आणि मग कपाटात पातेलं शोधत बसायचं. रेवा मागून आली. तिने बटण बंद केलं, पातेलं काढलं, नळाखाली भरून शेगडीवर ठेवलं आणि मग बटण फिरवलं.

“आधी पाणी, बाबा,” ती मराठीत म्हणाली. “शेलारकाकांचं राहिलं होतं ना.”

ती शाळेला गेल्यावर मी ओट्याला टेकून बराच वेळ रडलो. आता आमच्याकडे शेगडी कधी रिकामी पेटत नाही. नाईक शेलारची आठवण आमच्या घरात अशी रोज सकाळी निघते.