कोबी झेलणारी गोलकीपर

दर जूनमध्ये मी शाळेच्या व्हरांड्यातल्या खांबाला टेप चिकटवते आणि फुटबॉलच्या मुलींची उंची मोजते. मग वजन, उभ्याने लांब उडी, तीस मीटर धावणं. सगळं वहीत उतरवलं की जागा ठरतात. सगळ्यांत उंच ती गोलात, दणकट त्या बचावात, न थकणाऱ्या मध्ये आणि काटक, चपळ त्या विंगला. वीस वर्षं पीटी शिकवतेय. ही वही म्हणजे माझा कायदाच होता, आणि माझा स्वभाव असा की कायद्याला कुणी हात लावलेला मला खपत नाही.

आठवीतली एक मुलगी रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहायची, इतकी बुटकी. मखमलाबादकडच्या मळ्यातून सायकलवर यायची. एकदा म्हणाली, "मॅडम, मला गोलात उभं राहायचंय."

"अगं, वरचा बार बघ आणि स्वतःकडे बघ," मी म्हणाले. बाकीच्या फिदीफिदी हसल्या. तिला मी विंगला टाकलं.

विंगला ती नुसती पाट्या टाकायची. दोन आठवड्यांनी परत आली. "गोलात नसेल तर मी येत नाय मॅडम. सकाळी घरी पण काम असतं."

"मग नको येऊस," मी फटकन बोलून गेले. ती खरंच यायची बंद झाली. त्या रात्री मला चुटपुट लागली, पण माघार घेईन तर ती मी कसली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मी मखमलाबादच्या बाजूने स्कूटरवर येत होते. रस्त्याकडेच्या मळ्यात कोबीची तोडणी चालली होती. खाली तिचे वडील आणि काका दोन बाजूंनी गड्डे फेकत होते आणि टेम्पोत उभी राहून ती एकटी झेलत होती. डावा, उजवा, परत डावा. झेलायचा, मागे रचायचा, की पुढचा हातात. एक गड्डा भलताच तिरका गेला, तर ती फाळक्यावरून अर्धी बाहेर झुकली आणि तोही घेतला. मी पंधरा मिनिटं बघत होते. एकही खाली पडला नाही.

वडील म्हणाले, "ही असली का टेम्पो बिगीनं भरतो. लय सफाई हाय हाताला."

मी पार ओशाळले. इतक्या मोजमापांत हात तेवढे मोजायचे राहिले होते. टेम्पोजवळ जाऊन म्हणाले, "चुकलं माझं. उद्यापासून ये."

तिने हातातला गड्डा आधी नीट रचला. "विंगला?"

"गोलात."

आधी गोलात असलेल्या उंच मुलीला मी बचावात नेलं तर ती बिचारी सुटल्यासारखी हसली. तिला बॉलची भीती वाटायची, डोळे मिटायची, हेही मला तेव्हा कळलं.

पहिल्याच सामन्यात या पोरीच्या डोक्यावरून एक गोल गेला. मी मनात म्हटलं, झालं, वहीच खरी. मध्यंतरात तीच मला समजवायला लागली, "मॅडम, मागं टेकून उभं राहिलं की वरचा गड्डा डोक्यावरून जातो. पुढं यायला पायजे." दुसऱ्या अर्ध्यात ती पुढे येत राहिली आणि वरचे सगळे बॉल छातीशी धरले. सामना आम्ही बरोबरीत सोडवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची यादी लागली. त्यात ती राखीव गोलकीपर आहे. दुसऱ्या दिवशी ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. "मॅडम, परत मोजा ना."

मी टेप ताणला. सुताचाही फरक नव्हता.

"तेवढीच आहेस गं," मी म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली, आणि ग्लोव्ह्ज घालत गोलाकडे गेली.