नागपूरचं बिल

शेगावच्या कापसाच्या जिनिंगमधला तो मिस्त्री माझ्या मोटारीला हात लावण्याआधी लाकडी दांडका इंजिनाला टेकवायचा, दुसरं टोक कानाशी धरायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मध्येच कोणी बोललं की खेकसायचा, "थांबा नं, गाडी बोलून राह्यली!" मी वकील, पण तिथं गप्प बसायचो.

एकदा गाडी खडखडायला लागली, तेव्हा मेहुण्याचं ऐकून मी मिस्त्रीला चोरून ती नागपूरला कंपनीच्या एजंटाकडे नेली. 'नवा पितळी बुश बसवला' म्हणून त्यांनी असं बिल लावलं, की तेवढ्यात बैलजोडी आली असती. घरी येईतो खडखडाट पुन्हा सुरू. निमूटपणे मिस्त्रीकडे गेलो.

त्यानं दांडका लावला, एक ढिला नट आवळला, आवाज थांबला. मग बिलातला तो नवा बुश बघायला काढला, लुंगीला पुसला आणि हसतच सुटला. त्या पितळी कडीवर कानशीच्या तीन खाचा होत्या. ती त्याचीच खूण! जिनिंगच्या भंगारातून त्यानंच घडवलेला, माझ्याच गाडीत पूर्वी दोन चहांवर बसवून दिलेला तो जुना बुश होता.

"नोटीसच धाडतो त्यांना!" मी भडकलो.

"नोटीस काऊन? ते बिल मले द्या."

"तुम्हाला कशाला?"

"घरी दाखवतो. बायको म्हंते, माह्या कामाले भाव नाही."