मामांचं नापास दूध

लाकडी पायाचा इतका गैरवापर करणारा माणूस उभ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, पलटणीत सुभेदार होते. तिथं गाडी उलटून त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला, आणि सरकारनं पेन्शन आणि लाकडी पाय देऊन त्यांना घरी पाठवलं. दुसरा कोणी असता तर सोप्यात बसून पलटणीच्या गप्पा मारत म्हातारा झाला असता. मामांनी त्या पायाचं हत्यार केलं. कुठल्याही कचेरीत शिरायचं, साहेबासमोर खुर्ची ओढून बसायचं, विजार वर करून सावकाश पट्टे सोडायचे आणि पाय उचलून थेट टेबलावर ठेवायचा. "आता काम झाल्याबिगर घालत न्हाई," असं म्हणून वर चहाही मागायचा. एका पायाच्या माणसाला उचलून बाहेर काढायची कुणाची छाती आहे? साहेब घड्याळाकडे बघत, पायाकडे बघत आणि शेवटी सही करत.

बरं, काम स्वतःचं म्हणाल तर कधीच नाही. एखाद्याचा हात अधू, एखाद्याला ऐकू येत नाही, एखाद्याची नजर गेलेली, अशी माणसं मामांना कुठंही सापडायची. लग्नाच्या पंगतीत जेवताना शेजारच्याचा हात बघून "तू काय करतोस रं गड्या?" असं विचारायचे, आणि तो "काय न्हाई, घरीच असतो" म्हणाला की मामांच्या घशाखाली जिलेबी उतरायची नाही. मी तेव्हा इस्लामपूरच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि आत्याकडे राहत होतो. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मामांच्या सोप्यात सकाळी कोण बसलेलं असेल याचा नेम नसे. आत्या बिचारी आधी चहा ठेवायची आणि मग कोण आलंय ते विचारायची.

नोकरी लावायची मामांची रीतही जगावेगळी. आमच्याकडे पैरा असतो. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझी माणसं माझ्या रानात. यात पैसा लागत नाही, पण विसरायचीही सोय नसते. मामांची बैलजोडी गावात एक नंबर. ती ते कुणालाही द्यायचे, आणि फेड करायची वेळ आली की म्हणायचे, "माणसं नगंत. ह्या गड्याला कामावर घ्या, आठ दिस वापरून बघा, न्हाई पटला तर माघारी आणून द्या." असा एक ठार बहिरा गडी त्यांनी पिठाच्या गिरणीत चिकटवला. तिथं त्या खडखडाटात सगळेच बहिरे, त्यामुळं तो फारच शोभून दिसला. मात्र तंबूतल्या सिनेमाच्या दारावर एका हाताचा माणूस तिकीट फाडायला ठेवला, तिथं मामा फसले. तो दातांनी तिकीट फाडायचा, आणि उरलेला ओला तुकडा हातात घ्यायला बायका तयार होईनात. "फाटतंय न्हवं? मग?" म्हणत मामा मालकाशी हुज्जत घालत बसले. शेवटी त्या माणसाला तंबूची राखण मिळाली आणि तिकिटं वाळली.

पण मामांची खरी कसोटी लागली ती शेवंताच्या वेळी. शेवंता आमच्याच आळीतली, लहानपणी पोलिओ होऊन एक पाय वाळलेला, काठी घेऊन चालायची. सातवी झालेली, हिशेबाला पक्की. तिच्या बापानं तिच्यासाठी एक बिजवर ठरवत आणला होता, वयानं बापाच्याच बरोबरीचा. "मिरग सरायच्या आत कुठं कामाला लागली तर ऱ्हाऊ द्या, न्हाईतर देऊन टाकतो," असं त्यानं मामांना तोंडावर सांगितलं. शेवंता आमच्या सोप्यात येऊन एवढंच म्हणाली, "मामा, मला जायचं न्हाई." मामांनी तिथल्या तिथं पाय चढवला आणि निघाले.

गावात नवी दूध सोसायटी निघाली होती. तिथला दूध तपासणारा लेखनिक सगळ्यांच्याच नात्यातला पाहुणा. कुणाचंही दूध पास करायचा, मग वरच्या केंद्रावरून गावाचे कॅन माघारी यायचे. शेवटी तो नोकरी सोडून गेला. मामांनी चेअरमनांच्या टेबलावर पाय ठेवला. चेअरमन ऐकेनात. "सुभेदार, हितं सकाळी दांडगी माणसं येत्यात. ही पोरगी कुणाला न्हाई म्हननार? उगं शिव्या खाईल." नेमका तेव्हा चेअरमनांचा एक बैल लंगडत होता, आणि पाऊस पडून रानाला वाफसा आलेला. पेरायला दोनच दिवस हातात. मामा म्हणाले, "बैल लंगडला तर तुमची पेरणी अडली. पोरगी लंगडती, तिच्यावाचून तुमचं दूध अडलंय, ते दिसंना व्हय?" जोडी चेअरमनांच्या रानात गेली आणि शेवंता आठ दिवसांसाठी डेअरीच्या टेबलाशी बसली. मामांचं स्वतःचं रान तसंच राहिलं. आत्यानं त्या दिवशी भांडी जरा जोरातच आपटली.

पहिल्याच सकाळी मीही मामांबरोबर गेलो. रांगेत सगळा गाव, शेवंताचा बाप एका बाजूला उभा, चेअरमन दारात. मामांनी कॅन पुढं केला. शेवंतानं दुधातलं पाणी दाखवणारा लॅक्टोमीटर कॅनमध्ये सोडला, तो खाली गेला तो गेलाच. आत्या चरवी विसळून ते पाणी दुधात घालायची, सगळ्याच बायका घालत. शेवंतानं पुन्हा सोडून पाहिला. ज्या माणसानं आपल्याला इथं बसवलं त्याचंच दूध! पास करावं तर उद्यापासून कुणालाच नाही म्हणता येणार नाही, हे तिला कळत होतं. ती खाली बघून पुटपुटली, "मामा, पाणी हाय. घेता येत न्हाई."

मामांनी कॅनचं झाकण लावलं. म्हणाले, "मोठ्यानं म्हण. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

तिनं मान वर करून मोठ्यानं म्हटलं. रांगेतले चारपाच जण आपापले कॅन घेऊन गुपचूप घराकडे वळले. आणि मामा? ते कॅन घेऊन जवळच्या वाटेनं घरी येतील तर शपथ. मारुतीच्या देवळावरून, चावडीवरून, गिरणीवरून, लाकडी पाय टकटक वाजवत, भेटेल त्याला सांगत सुटले, "माझं नापास केलं बघ पोरीनं. लय कडक हाय." पोराचा पहिला नंबर आल्यावर बापाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. आठ दिवस झाले तरी चेअरमनांनी शेवंताला माघारी आणून दिलं नाही. बिजवर दुसरीकडे गेला. मामांची पेरणी उशिरा झाली, भुईमूग आला तो जेमतेम, पण त्या साली मामांइतका श्रीमंत माणूस मी पाहिला नाही.

पुढं मामांना नादच लागला. अधूनमधून स्वतःच्या हातानं दुधात तांब्याभर पाणी ओतायचे, डेअरीवर जाऊन नापास करून घ्यायचे आणि गावभर मिरवत परत यायचे. "तपासायला नगं व्हय, पोरगी ढिली पडली का?" शेवंताला हे ठाऊक होतं. तीही मुद्दाम मोठ्यानं सांगायची. त्या दिवशी आमच्याकडे खरवसासारखं कौतुकानं ते पाणचट दूध प्यायलं जायचं. मला ते आवडायचं नाही, आणि तसं म्हणायची सोय नव्हती.

मामा गेले ते झोपेतच, कुणाला त्रास न देता. दिवसकार्य उरकल्यावर आत्या पहिल्यांदाच स्वतः कॅन घेऊन डेअरीवर निघाली, म्हणून मी सोबत गेलो. शेवंतानं लॅक्टोमीटर सोडला. तो खाली गेला तो गेलाच. तिनं आत्याकडे पाहिलं, आत्यानं पदर सावरला. शेवंताचे डोळे भरले होते, पण आवाज मागच्या माणसापर्यंत गेला. "मामी, पाणी हाय. घेता येत न्हाई."

"बरं बाई," आत्या म्हणाली आणि कॅन उचलला. मी घराकडे वळलो, तर ती मला म्हणाली, "तिकडनं कुठं? देवळावरनं चल."