काळबांडे सरांचा अर्ज

चांदा रेंजर्सचा संघ सलग सातवा सामना हरला, त्याच संध्याकाळी संघाच्या गोवेकर कोचने बॅग भरली आणि चंद्रपूरच्या स्टेशनवर जाऊन बसला. राजीनामा त्याने मोबाइलवर पाठवला, तोही मालकाला नव्हे, सत्यशीला रामटेकेला. क्लबात काहीही मोडलं, हरवलं, किंवा कुणी पळून गेलं की निस्तरायला सत्यशीलाच असे. ती क्लबची व्यवस्थापक. वय तेहतीस. खेळाडूंची नोंदणी, प्रवास, जर्सी, बूट, दवाखाना, कुणाच्या घरी लग्न असलं तर सुट्टी, सगळं तिच्याकडे. पोरं तिला ताई म्हणत आणि वचकूनही असत.

लीगचे आठ सामने उरले होते, तेही महिनाभराच्या सुट्टीनंतर. बारा संघांत रेंजर्स शेवटून पहिले. खालचे दोन संघ लीगबाहेर जाणार होते, आणि बाहेर गेलो की निम्म्या पोरांचे करार संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

क्लबचे मालक बिरजू शेठ. वडश्याचे भाताचे मोठे व्यापारी. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांना ते मदत करत आणि फुटबॉलकडेही नाटकासारखंच बघत. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, कोच असा पाहिजे का पोस्टरवर नाव टाकलं का लोकं आले पाहिजे." त्यांनी तिघांची समिती केली : स्वतः शेठ, संघाचा कॅप्टन सुनिल आणि सत्यशीला. अर्ज मागवायचं, कागद तपासायचं, उमेदवारांशी बोलायचं काम तिच्यावर आलं.

नऊ अर्ज आले. सहावा उघडला आणि तिचा हात थांबला. प्रमोद काळबांडे, वय अठ्ठावन्न. सध्या नागपूरच्या एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षक. पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक. फोटोत केस पांढरे झाले होते. हनुवटी तशीच वर.

सोळा वर्षांपूर्वी सत्यशीला मूल गावची सतरा वर्षांची पोरगी होती. डाव्या पायाची, डाव्या बाजूची बचावपटू. राज्याच्या ज्युनियर संघात तिची निवड झाली, तेव्हा मूलच्या त्यांच्या वस्तीत बुद्धविहारासमोर पेढे वाटले गेले. आठ दिवसांत फुटबॉल संघटनेकडे एक पत्र गेलं की मुलीचा जन्मदाखला खोटा आहे, तिने वय चोरलं आहे. पत्राखाली सही काळबांडे सरांची. तिच्या जागी जी गेली ती निवड समितीतल्याच एकाची पुतणी होती. सत्यशीलावर दोन वर्षांची बंदी आली.

तिचे वडील रामाजी राइस मिलमध्ये हमाल होते. मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते चंद्रपूरला सरांच्या घरी गेले. सकाळी दहापासून चारपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले. एप्रिल महिना होता. चार वाजता सर बाहेर आले, गाडीची किल्ली हातात. पिशवीकडे त्यांनी बघितलंही नाही. "तुमच्या लोकांचे दाखले काय, बाजारात भेटते," म्हणाले आणि निघून गेले. रामाजींनी घरी येऊन एवढंच सांगितलं की साहेब कामात होते. खरं काय घडलं ते सत्यशीलाला बऱ्याच दिवसांनी कळलं, वडिलांसोबत गेलेल्या शेजाऱ्याकडून.

चौकशी शेवटी झाली. दाखला खरा, काळबांडे यांची तक्रार निराधार, असं पत्र आलं. तोवर बंदीची दोन वर्षं उलटून गेली होती आणि एकोणीसच्या पुढे गेल्याने तिचं ज्युनियर संघाचं वयही संपलं होतं. ती पंच झाली, शिक्षण पुरं केलं, क्लबात लागली. ते पत्र तिने जपून ठेवलं होतं. दर दिवाळीला कपाट आवरताना ते हाती येई, आणि दर वेळी ती ते पूर्ण वाचून पुन्हा ठेवी.

आता सरांचा अर्ज समोर होता. सरळ बाद करता आला असता. कागद अपुरे म्हणून शेरा मारला असता तर शेठनी विचारलंही नसतं. पण अर्ज बाद झाला की तो माणूस दुसरीकडे अर्ज करील, एवढंच. दोन दिवसांत विसरेल. ते तिला पुरणार नव्हतं. त्याला ही जागा हवीहवीशी वाटायला पाहिजे होती. हातात आली असं वाटायला पाहिजे होतं.

तिने त्यांना फोन लावला. "चांदा रेंजर्सची व्यवस्थापक रामटेके बोलून राह्यली, सर."

"बोला मॅडम, बोला." आवाज तोच होता. फक्त त्यात आता अजीजी होती.

रामटेके हे आडनाव त्यांना खटकलं नाही. झाडीपट्टीत रामटेके घरोघरी. सत्यशीलाने त्यांना सरावाच्या चाचणीला बोलावलं. पुढच्या दहा दिवसांत तिने पाच वेळा फोन केला. संघाच्या अडचणी सांगितल्या, त्यांचं मत विचारलं. सर खुलत गेले. शाळेत मन लागत नाही, म्हणाले. पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. निवृत्तीआधी एकदा मोठा संघ हाती यावा, एवढीच इच्छा आहे. सत्यशीला ऐकत राही. फोन ठेवल्यावर तिला भूक लागे. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी.

चाचणीला तिघे आले. एकाचा सराव पोरांना झेपलाच नाही. दुसरा लच्छू मडावी, अहेरीकडचा, आश्रमशाळेच्या पोरांना शिकवणारा. बोलायला अगदी कमी. त्याने पोरांना दीड तास नुसते पास द्यायला लावले. शेठ जांभया देत होते.

मग काळबांडे सर मैदानात उतरले. सत्यशीला कुंपणाला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं, म्हातारा झाला असेल, विसरला असेल. पण पंधरा मिनिटांत तिच्या लक्षात आलं की याला खेळ अजून समजतो. संघ कुठे फाटतो ते त्यांनी नेमकं हेरलं. दोन मधल्या खेळाडूंना आठ पावलं मागे घेतलं, डावीकडच्या पोराच्या खांद्याला धरून तो कुठे उभा राहायला हवा ते दाखवलं, आणि सात सामने गोल खाणारी बचाव फळी एकदम भिंतीसारखी दिसायला लागली. पोरं हसत होती. पुष्कळ दिवसांनी.

सुनिल घाम पुसत तिच्याकडे आला. बल्लारपूरचा पोरगा, सरळ बोलणारा. "ताई, हेच पाहिजे. हे असले त आपण वाचून जाऊ."

"हो," सत्यशीला म्हणाली. ते खोटं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, काही कळलं काय? शाळेत मार्चच्या आधी नोटीस द्यावी लागते. नाहीतर वर्ष अडकते."

"तुमचं नाव पहिल्या नंबरवर आहे, सर. शेठ अन् कॅप्टन, दोघांचंबी मत तुमच्याच बाजूनं आहे."

"मग देऊ काय नोटीस?"

 यातला एकही शब्द पुढे कुणाला खोटा म्हणता येऊ नये, एवढी काळजी ती घेत होती. "आम्हाले लगेच रुजू होणारा कोच पाहिजे, सर. तयारीत राहा."

त्यांनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. स्वतःच फोन करून सांगितलं, आनंदाने.

त्या रविवारी ती मूलला गेली. रामाजी आता थकले होते, अंगणात बसून लाखोरीची डाळ निवडत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते खूश होतील, निदान हातातलं सूप बाजूला ठेवतील. ते निवडत राहिले. मग म्हणाले, "त्याले लेकरं-बाकरं आहेत काय?"

"बाबा, तुम्हाले सहा घंटे उन्हात उभं ठेवलं त्यानं."

"मले माईत आहे. मीच उभा होतो." एवढं म्हणून ते पुन्हा डाळ निवडायला लागले. सत्यशीलाला राग आला, तो कुणाचा ते तिला ठरवता आलं नाही. जेवण न करताच ती चंद्रपूरच्या बसमध्ये बसली.

मंगळवारी समितीची बैठक झाली. शेठ नेमणुकीच्या कागदावर सही करायच्या तयारीतच आले होते. सत्यशीलाने चौकशीचं जुनं पत्र टेबलावर ठेवलं. त्यासोबत आणखी दोघींचे लेखी जबाब. एक धुरपता आत्राम, आता गडचिरोलीला पोलिसात असलेली. तिचंही नाव सरांनी असंच संघातून कापलं होतं. दुसरी आता अंगणवाडीत कामाला होती. सत्यशीलाने गेल्या दोन आठवड्यांत दोघींना शोधून काढलं होतं.

शेठनी चष्मा लावून वाचलं. "मॅडम, हे त सोळा वर्षांआधीचं आहे."

"हो."

"इतक्या दिवस काऊन नाई बोलल्या?"

"इतक्या दिवस ते इथी आले नव्हते."

 सुनिलने पत्र दोनदा वाचलं होतं. शेठ म्हणाले, "पण खेळ त समजते ना त्याले? आपल्याले वाचायचं आहे."

"खेळ समजते. सगळ्यांपेक्षा जास्त समजते," सत्यशीला म्हणाली. "पण जुलैपासून आपण मुलींचा संघ काढून राह्यलो. त्यासाठी एका कंपनीनं जर्सी द्यायचं कबूल केलं. हे कागद पेपरात आले त कंपनी काय म्हणन, तुम्हीच सांगा. अन् ते येतील, शेठ. तुम्ही त्यांना घेतलं त मी राजीनामा देईन अन् मीच नेऊन देईन."

 शेठनी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. "मग कोण?"

"लच्छू मडावी."

"ठीक आहे," शेठ म्हणाले, आणि उठून गेले. सुनिल मात्र दारात थांबला. "ताई, हे तुम्हाले पहिल्या दिवसापासून माईत होतं ना? मग त्यांना चाचणीले काऊन बोलावलं?"

तिने टेबलावरचं पत्र उचलून फाइलमध्ये ठेवलं. त्यालाही बहुधा उत्तर नको होतं.

सरांना तिनेच बोलावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. ते आले तेव्हा अंगात नवा ट्रॅकसूट होता आणि हातात दोनशे पानी वही. उरलेल्या आठही सामन्यांचा आराखडा त्यांनी रेखाटून आणला होता. वही तिच्यासमोर उघडून ते समजावायला लागले. तिने दोन पानं बघितली. चांगलं काम होतं.

"सर, तुमची निवड नाई झाली," ती म्हणाली.

त्यांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "म्हणजे?"

"दुसऱ्याले घेतलं."

"पण तुम्ही म्हटलं होतं... मी नोकरी सोडली ना, मॅडम."

"मी नोकरी सोडा नाई म्हटलं. तयारीत राहा म्हटलं." मग तिने ते पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "मी मूलच्या रामाजी रामटेकेंची मुलगी."

सरांनी पत्र वाचलं. मान वर केली तेव्हा ते तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होते. "लेफ्ट बॅक," ते हळूच म्हणाले. "डाव्या पायाची. मागून यायची अन् क्रॉस टाकायची." त्यांनी पत्र खाली ठेवलं. "चांगली होती तू."

"मले माईत आहे."

"वरून दाब होता माझ्यावर."

"माझे वडील आठवते? तुमच्या फाटकाशी आले होते. दाखला घेऊन."

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. ते तिला दिसत होतं. मग त्यांनी मान हलवली. "नाई. खूप लोकं येत होते तेव्हा."

ते माफी मागतील, किंवा भांडतील, दोन्हींची तयारी तिने केली होती. त्यांनी यातलं काही केलं नाही. वही उचलली, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि गाडीकडे गेले. गाडीत बसून ते बराच वेळ तसेच राहिले. सत्यशीला खिडकीत उभी राहून बघत होती. गाडी सुरू व्हायची तिला घाई नव्हती. एवढ्या वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. फक्त फाटकाचं त्यांना आठवायला हवं होतं. तेवढं राहून गेलं.

लच्छू मडावी रुजू झाला. पहिले दोन सामने संघ हरला. मग हळूहळू पोरांचे पास जुळायला लागले. तीन सामने जिंकले, दोन बरोबरीत सुटले, आणि शेवटच्या दिवशी एक गुण हवा होता तेव्हा ऐंशीव्या मिनिटाला गोल खाल्ला. रेंजर्स शेवटून दुसरे. लीगबाहेर.

लच्छूला शेठनी ठेवलं. अकरा पोरांचे करार संपले. सुनिलचा संपला नव्हता, पण त्याला नागपूरच्या क्लबने विचारलं होतं. मेच्या दुपारी तो मोकळं करण्याचं पत्र घ्यायला सत्यशीलाच्या ऑफिसात आला. तिने सही केली, शिक्का मारला.

"ताई, एक विचारू? काळबांडे सर असते त?"

"वाचलो असतो," ती म्हणाली.

त्याला वाटलं होतं ती काहीतरी सारवासारव करील. तो पत्र हातात धरून उभा राहिला. "अकरा पोरं घरी गेले, ताई."

"हो. नावं पाठ आहेत मले."

"मग?"

"मग काई नाई, सुनिल. उद्या पुन्हा त्यांचा अर्ज आला त पुन्हा हेच करीन."

सुनिलने पत्राची घडी केली. दर वेळी जाताना तो "येतो ताई" म्हणायचा. त्या दिवशी न बोलता गेला. बाहेर मैदानावर लच्छू एकटाच चुन्याने रेघा मारत होता, मुलींच्या निवडीसाठी. तीसेक पोरींची नावं आली होती. सत्यशीलाने त्यांच्या दाखल्यांची फाइल काढली, पहिला कागद समोर घेतला आणि तपासायला बसली.