हळद घरची होती

माझा ऑनलाइन तास सुरू झाला की आमचं सगळं घर चिडीचूप व्हायचं. बाबा रेडिओ घेऊन गोठ्यात जायचे. आई फोडणीसुद्धा दबकत द्यायची. आणि जिचा आवाज एरवी साखऱ्याच्या फाट्यापर्यंत जातो असं बाबा म्हणतात, ती माझी आत्या दारात येणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून सांगायची, "लेकरू क्लासमधी हाय."

लेकरू क्लासमध्ये नसायचं. फोन उशीवर पालथा घालून ते वरच्या पत्र्याकडे बघत पडलेलं असायचं.

दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा होता. नांदेडचं आमचं वसतिगृह जेमतेम उघडलं आणि पुन्हा बंद झालं, तशी मी पेटी घेऊन गावी परत आले. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. पहिल्या टाळेबंदीत घरी बरं वाटलं होतं, या वेळी मात्र माझं काहीतरी बिनसलं. सकाळी डोळे उघडायच्या आधीच छातीत धडधड सुरू व्हायची. घास घशाखाली उतरायचा नाही. सर शिकवायचे ते ऐकू यायचं, पण डोक्यात शिरायचं नाही. बाकी सगळ्यांना समजतंय आणि मी एकटीच मठ्ठ झाले, याची मला पक्की खात्री पटली होती. परीक्षेला बसायचं नाही आणि वसतिगृह उघडलं तरी परत जायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

आमच्या घरात तापाला, पोटदुखीला, मुरगळलेल्या पायाला शब्द होते. याला एकच होता, टेन्शन, आणि ते फक्त मोठ्या माणसांना असायचं. "बरी हायेस ना?" आई विचारायची. मी हो म्हणायचे. शेवटी तिने माझी दृष्ट काढली. चुलीत मिरच्या टाकल्याबरोबर सगळं घर खोकत सुटलं, म्हणजे नजर लागलेलीच नव्हती. आई बिचारी आणखीच काळजीत पडली.

त्यात हळद निघाली. ओल्या गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करायची, मग शिजवायची, मग वाळवायची. पण साथीच्या भीतीने त्या वर्षी मजूर बाया मिळेनात. आत्याने माझं नाव काढलं तेव्हा बाबा म्हणाले, तिचा अभ्यास बुडेल. आत्या म्हणाली, "अभ्यास करून करून पोरगी वाळून चालली. मोडू दे दोन घमेले."

मी गेले ते हौसेने नाही, नाही म्हणायचीही ताकद नव्हती म्हणून. लिंबाखाली बसून मोडत राहिले. हातांना काम होतं आणि डोक्याला नव्हतं. दुपारी आत्याने ठेचा-भाकरी पुढे केली आणि मी खाल्ली. मग तिथेच पोत्यावर झोपले, ती ऊन उतरल्यावर उठले. आत्याने कुणालाच तिकडे फिरकू दिलं नव्हतं.

शेतात रेंज घरापेक्षा बरी, म्हणून मी तासही तिथूनच लावू लागले. एके दिवशी मॅडमनी हट्टच धरला, आज सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. मी कॅमेरा सुरू केला. उन्हासाठी डोक्याला आईची जुनी हिरवी साडी गुंडाळली होती, ती घसरली तशी दोन्ही हातांनी सावरली आणि कॅमेरा बंद केला.

तास संपता संपता फोन वाजला. खोलीतल्या माझ्या मैत्रिणीचा. वसतिगृहात आम्ही एकमेकींना गावावरून हाक मारायचो, ही जिंतूरवाली. एका ताटात जेवणाऱ्या आम्ही, पण घरी गेल्यापासून आमचं बोलणं 'कशी आहेस, मजेत' यावर येऊन पडलं होतं.

"काहून सांगितलं न्हाईस मला?" तिचा आवाज रडवेला होता. मला काहीच उमजेना. तिने पुढचं विचारलं, "पोरगा काय करतो?"

कोणता पोरगा, मी म्हटलं. तेव्हा ती चिडून म्हणाली, "हातावर हळद दिसून राहिली की तुझ्या."

मी हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत पिवळेधमक. त्या दिवसांत चार माणसांत गुपचूप लग्नं उरकत होती. स्क्रीनवरचं आडनाव बदललं की वर्गातली आणखी एक गेली हे कळायचं. "अगं, घरची हाय," मी म्हणाले. "शेतातली. मोडून राहिलो आमी."

ती हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, पोट दुखेस्तोवर. हसता हसता ती रडायला लागली. तिला बघायला संध्याकाळी पाहुणे येणार होते. आम्हा दोघींना परत जायचंय, डिग्री घ्यायचीय, असं म्हणून ती महिनाभर घरी नकार देत होती. आज माझे हात बघितले आणि आईला जाऊन म्हणाली, येऊ द्या त्यांना.

"तूच गेलीस म्हटल्यावर मी कुणाच्या जिवावर न्हाई म्हणू?" ती म्हणाली.

मी तर केव्हाच मागे फिरले होते, आणि ही माझ्या भरवशावर तिकडे एकटी लढत होती. मग मी पहिल्यांदाच खरं बोलले. म्हटलं, मी बरी नाही. झोप नाही, भूक नाही, काही समजत नाही, तासाला फोन उशीवर पालथा घालून पडते, मी परत येणार नव्हते. ती हळूच म्हणाली, तिचाही फोन उशीवर पालथाच असतो. तिला वाटत होतं, मी तरी अभ्यास करतेय.

"चल तर मग," मी म्हणाले. "दोघी मठ्ठ मिळून बसू."

फोन ठेवून ती वडिलांशी भांडली. शेवटी वडिलांनीच पाहुण्यांना कळवलं, पोरीला खोकला झालाय. त्या दिवसांत एवढं सांगितलं की पाहुणे तालुक्यात पाऊल टाकत नसत. विषय परीक्षेनंतर बघू यावर गेला, आणि परीक्षेनंतर तिने पुढच्या परीक्षेवर ढकलला.

मी आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी बोलायचं होतंस, आम्ही उगीच घरभर कुजबुजत हिंडलो. बाबांचा रेडिओ माजघरात परत आला. पुढे बाबांनीच मला हिंगोलीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कुणी विचारलं की ते न लाजता सांगायचे, लेकीला झोपेची तकलीफ आहे, इलाज चालू आहे. गोळ्या काही दिवस घेतल्या, पण त्या बाईंशी बोलल्यानेही मला बरंच बरं वाटलं. आणि रोज सकाळी जिंतूरवालीबरोबर फोनवर अभ्यास. एकीला समजलं नाही की दुसरीने हसायचं, हा नियम. वसतिगृह उघडलं तेव्हा आम्ही दोघीही त्याच खोलीत परत गेलो.

तेव्हापासून दरवर्षी हळद निघाली की मी तिला पिवळ्या हातांचा फोटो पाठवते. तिचं उत्तर ठरलेलं, पोरगा काय करतो?

गेल्या वर्षी माझं खरंच लग्न ठरलं. पोरगा काय करतो, हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. हळद लागली त्या सकाळी मी आत्याला हातांचा फोटो पाठवायला लावला. तिने लिहिलं, यंदा हळद लवकर निघाली का? मी हसले, आणि तेवढ्यात तिचा फोन आला. आत्याने फोन माझ्या कानाला धरला, माझे हात भरलेले होते.

"हळद दिसली," ती म्हणाली. "आता खरं सांग, बरी हायेस ना?"

मी हो म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं.