नजीरची सुरी आणि गुळाचा खडा

लग्नात कोणी पितळेची गुंडी देतं, कोणी स्टीलचे डबे, ज्याची त्याची ऐपत. मारेगावचा नजीर लोहार सुरी द्यायचा. आता सुरी ही काय लग्नात द्यायची वस्तू झाली? आपल्याकडे मीठ, मिरची अन् सुरी कोणी कोणाच्या हातात देत नाही, भांडण होतं म्हणतात. पण नजीरच्या बापानं ही रीत पाडली होती आणि नजीरनं ती सोडली नाही. ओळखीपाळखीच्या घरातली पोरगी उजवायची ठरली, की हा भट्टी पेटवणार.

लोखंडाला तोटा नव्हता. वणीहून कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावायचे आणि रस्ता असा की रोज कुठंतरी ट्रकची कमान, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, तुटलेली. त्या कमानीच्या पाट्यातून नजीर सुरी काढायचा. सागाची मूठ बसवायचा आणि मांडवात जाऊन नवरीपुढं भुईवर ठेवायचा. नवरीनं ती उचलायची आणि त्या जागी गुळाचा खडा ठेवायचा. नजीर तो खडा तोंडात टाकायचा. "सुरी फुकट घेतली तर नातं कापते," असं त्याचा बाप सांगायचा, "गूळ खाल्ला का मंग सुरीच्या बापाच्यानं बी कापवत नाही."

दुसरी रीत त्याहून भारी. त्या सुरीची धार जन्मभर नजीरनंच लावून द्यायची, तीही फुकट. म्हणून सासरी गेलेल्या पोरी दिवाळीला माहेरी आल्या की पिशवीत सुरी घालून भट्टीवर हजर. फळीवर बसायच्या, त्याची बायको हुस्नाबी हिच्या हातचा कोरा चहा प्यायच्या आणि सासूच्या नावानं बोटं मोडायच्या. नजीर दगडावर सुरी घासत हूं हूं करायचा. अर्ध्या तालुक्यातल्या सासवांची बित्तंबातमी त्या भट्टीवर जमायची. रामराव हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची बायको तानाबाई हिची सुरी तर घासून घासून बोटाएवढी उरली होती, तरी बाई नवी घ्यायला तयार नव्हती.

एवढं सगळं असून नजीरनं स्वतःच्या लेकीला सुरी दिली नाही.

रुबीना त्याची एकुलती एक. भात्याचा पंखा फिरवत भट्टीवरच वाढली, म्हणून घरात हिंदी चालली तरी बापलेकीचं बोलणं सगळं वऱ्हाडी. तिचं लग्न वणीच्या मुजफ्फर मेकॅनिकशी झालं. लग्नात सगळं दिलं, पलंग दिला, कपाट दिलं. सुरी नाही. हुस्नाबीनं तेव्हाच विचारलं होतं, "दूसरों की बेटियों को देते, अपनी को क्यों नहीं?" हा म्हणाला, पाटा चांगला भेटला नाही. वणीच्या रस्त्यावर रोज ट्रकची कमान तुटते आणि लोहार म्हणतो पाटा भेटला नाही. हुस्नाबी काय कुक्कुलं बाळ होती? पण ती गप्प बसली.

खरी गोष्ट अशी, की माणूस घाबरला होता. दुसऱ्यांच्या लेकींच्या वेळी गुळावर भरवसा होता. स्वतःच्या लेकीच्या वेळी वाटलं, गुळानं काम नाही केलं तर? एकच पोरगी, तिच्याशी असलेलं नातं कापलं तर मग राहिलं काय? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत.

झालं काय, तर ज्याची भीती होती तेच हळूहळू होऊ लागलं. भांडण नाही, तंटा नाही. वणी काही सातासमुद्रापार नाही, पण रुबीनाचं येणं कमी होत गेलं. ईदला यायची, पाहुण्यासारखी बसायची, "काही नको अम्मी" म्हणायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. भट्टीकडं तर फिरकायचीच नाही. दिवाळीत बाकीच्यांच्या पोरी फळीवर येऊन बसल्या की नजीरचं लक्ष रस्त्याकडं लागायचं. एखादी विचारायची, "रुबीनाताई नाही आली काका?" नजीर म्हणायचा, "पोरगी येईन."

आणि तशात कापसाची ती सालं आली. बियाणं महागाचं, बोंडं भरायच्या वेळी लाल्या पडायचा, पानं लाल होऊन झाडं उभ्या उभ्या वाळायची, आणि जे काही घरात यायचं त्याला भाव नाही. शेतकऱ्याचा हात थांबला की लोहाराचा घण आपोआप थांबतो. वखराची पास, म्हणजे खालचं पातं, झिजून शेवटाला आली तरी लोक म्हणायचे, चालवून घेऊ अजून एक हंगाम. बाजारात प्लास्टिकच्या मुठीचे चाकू ढिगानं विकायला आले होते. नजीर सकाळी भट्टीवर यायचा, राख हलवायचा आणि बसून राहायचा. उजवा खांदा कामातून गेला होता. काम नसलं की माणूस जास्त थकतो, ही गोष्ट त्याला साठी उलटल्यावर कळली.

अशाच एका वैशाखात रामरावच्या लेकीचं, दिपालीचं लग्न निघालं. रामराव भट्टीवर येऊन फळीवर टेकला.

"मांडव लहानच टाकून राह्यलो बे नजीर. चार माणसं बोलावतो. तू सुरीचं टेन्शन घेऊ नको, तुह्या खांद्याचं मले माहीत हाये."

"माह्या खांद्यानं तुले अर्ज केला काय?" नजीर म्हणाला. "दिपालीले सुरी भेटन."

मग कुथत, थांबत, चार दिवस रखडत त्यानं लहानशी सुरी केली. मोठी व्हायचीच नाही, कारण घण मारायला दुसरा माणूस नव्हता. पूर्वी हुस्नाबी मारायची, आता तिचीच कंबर धरलेली.

लग्नाला रुबीना आणि मुजफ्फर वणीहून आले. मांडवात नजीर गुडघ्यावर हात टेकत खाली बसला, नव्या फडक्यावर सुरी ठेवली. दिपालीनं ती उचलली, गुळाचा खडा ठेवला. नजीरनं तो तोंडात टाकला. बायका हसल्या. त्यानं मान वर केली तेव्हा रुबीना समोरच उभी होती. ती हसत नव्हती. ती वळली आणि मांडवाबाहेर गेली.

जेवणं झाल्यावर तानाबाईनं नजीरला पाण्याच्या टाक्याजवळ गाठलं. ही बाई पोटात काही ठेवणाऱ्यातली नव्हे.

"नजीरभाऊ, एक इचारू? राग नका धरू. तुमची रुबीना आत माह्याजवळ बसून रडली. म्हने, मावशी, माह्यात काय कमी होतं? गावच्या साऱ्या पोरी अब्बाच्या लेकी, मीच तेवढी नाही."

नजीरनं धुतलेले हात पुन्हा धुतले.

"तिले वाटते, तुमी तिले मोजतच नाही. काहून नाही देल्ली तिले?"

"भेव वाटलं," नजीर म्हणाला. हे त्यानं आजवर हुस्नाबीलाही सांगितलं नव्हतं.

तानाबाईनं कपाळावर हात मारला. "अन् मले सुरी देल्ली तवा नाही वाटलं भेव? मी काय नदीत वाहत आलती?" मग आवाज उतरवून म्हणाली, "सुरीनं कोनाचं तुटलं सांगा बरं. उलट धार लावाचं निमित्त करून आमी साऱ्याजनी येतो तुमच्याकडे. त्या पोरीनं कायच्या निमित्तानं यावं?"

त्या रात्री मुजफ्फर परत गेला, रुबीना थांबली. नजीरला झोप लागली नाही. एवढी सालं तो भट्टीवर बसून ज्या पोरीची वाट बघत होता, तिला यायला कारणच त्यानं ठेवलं नव्हतं. स्वतःची अशी चीड त्याला कधी आली नव्हती.

सकाळी तो भट्टीवर गेला. कोपऱ्यात जपून ठेवलेला एक पाटा काढला. हा पाटा रुबीनाच्या लग्नाच्या वेळचाच होता, चांगला भेटला नाही म्हणून सांगितलेला. त्यानं भट्टी पेटवली, लोखंड लाल केलं, सांडशीत धरून ऐरणीवर ठेवलं आणि एका हातानं हातोडा मारायला लागला. हातोडा पडत होता, लोखंड ऐकत नव्हतं. जाड पाटा तो, त्याला घणच पाहिजे. खांद्यातून कळ निघाली तेव्हा तो हातोडा टाकून खाली बसला. पाटा काळा पडत गेला.

"काय करून राह्यले अब्बा?"

रुबीना दारात उभी होती. तिनं पाट्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. काय चाललंय ते लोहाराच्या पोरीला सांगावं लागत नाही.

"ठेवा ते. तुमच्यानं होत नाही आता."

"होत नाही," नजीर म्हणाला. "तवा होत होतं, तवा केलं नाही."

ती आत आली. मग ओढणी कंबरेला खोचली आणि घण उचलला. "धरा," म्हणाली.

बापानं सांडशी धरली, लेकीनं घण मारला. सुरुवातीचे दोनचार घाव भलतीकडं गेले. नजीर ओरडला, तीही ओरडली, "मंग सांडशी सरळ धरा ना." हुस्नाबी दारात येऊन पाहून गेली, पंखा फिरवायला बसली, कंबर दुखते म्हणून उठली, पुन्हा बसली. ऊन वर चढलं. दुपारच्या वणीच्या गाडीचा भोंगा वाजला, गाडी गेली, घण थांबला नाही. तापल्या सुरीला पाणी पाजून झालं, मूठ बसली, धार झाली. तिघंही घामानं भिजून फळीवर बसले. 

मग त्यानं खांद्यावरचं फडकं भुईवर पसरलं, सुरी त्यावर ठेवली आणि बसून राहिला. रुबीनानं ती उचलली नाही.

"हातात द्या," ती म्हणाली.

"हातात देत नसते, बेटा."

"मले हातात पाह्यजे."

नजीरनं हुस्नाबीकडं बघितलं. हुस्नाबी पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. त्यानं सुरी उचलली, पण देईना. "बरं, गूळ तं आन घरातून," तो म्हणाला. "तेवढं तं करू दे."

"गूळ तवाच आनला होता, अब्बा."

त्याला कळलं नाही.

"लग्नाच्या दिवशी. तानामावशीकडून मांगून घेतलता. ओढणीच्या पदरात बांधून बसली होती. मले वाटलं, आता देतीन, मंग देतीन. निकाह झाला, जेवणं झाली, रुखसती झाली. वणीले पोचल्यावर पाह्यलं तं गूळ पाघळून गेलता, ओढणीले मुंग्या. सासूनं इचारलं हे काय, तं मी म्हनलं, वाटंत खायले घेतलता."

हुस्नाबीनं पदर तोंडाला लावला.  नजीरला वाटत होतं, पोरगी त्या दिवशी रडली ती घर सुटलं म्हणून. एवढी सालं त्याला तसंच वाटत होतं. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत. त्यानं सुरी लेकीच्या हातात दिली, मूठ तिच्याकडं करून.

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली.

पुढचे दिवस नजीरनं जिवाला घोर लावून घेतला. गूळ नाही, भुईवर ठेवली नाही, सगळ्या रीती मोडल्या. वणीची गाडी आली की हा भट्टीच्या दारात. हुस्नाबी म्हणायची, "बस करो अब." रामराव येऊन बसायचा, कापसाचं रडगाणं गायचा. नजीर हूं हूं करायचा, ऐकत नसायचा.

महिना व्हायच्या आतच एक दिवस रुबीना गाडीतून उतरली आणि घरी न जाता सरळ भट्टीवर आली. ईद नाही, दिवाळी नाही. पिशवीतून तिनं फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली आणि फळीवर बसली.

"धार गेली, अब्बा."

नजीरनं सुरी घेतली, अंगठा फिरवला. अंगठ्याला बारीक चीर पडली. जशी दिली होती तशीच होती, कांदासुद्धा कापलेला दिसत नव्हता.

"लयच गेली," तो म्हणाला.

"मंग काय. अन् माही सासू, काय सांगू तुमाले."

नजीरनं दगडावर पाणी शिंपडलं, सुरी उलटी करून बोथट बाजू टेकवली आणि हूं हूं करत घासायला बसला.