जेवणाच्या टेबलावरची गाडी

तारापूरच्या कारखान्यात मी तीस वर्षं फिटर होतो. पाइप गळला, आवळ. पंप थरथरला, आवळ. रिटायर झाल्यावर बोईसरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बोटभर उंचीची आगगाडी मांडली आणि त्या टीचभर इंजिनाने माझी पार अब्रू काढली. खिडकीजवळच्या वळणावर डबा रुळावरून उतरायचा. नाही उतरला तर दोन डब्यांमधला हूक सुटायचा आणि इंजिन एकटंच मोकाट पुढे पळायचं.

आठ महिने आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. बायकोचा गुडघा दुखरा. उठताना ती भिंत धरायची आणि माझा उद्धार करायची. शेवटी तिने फर्मान काढलं, "रविवारी बाबा जेवायला येतायत. त्यांच्यासमोर सलग पाच फेऱ्या झाल्या तर राहू दे तुमचं खेळणं. नाहीतर भंगारवाला!"

मग काय, मी पेटलो. रूळ स्पिरिटने पुसले, चाकांमधलं अंतर मोजलं, डब्यांत वजनाला शिशाचे तुकडे ठेवले. हूक पकडीने दाबले. डब्याखालच्या चाकांचे स्क्रू तर असे आवळले की बापजन्मात सुटू नयेत. गाडी आता पहिल्याच वळणावर आडवी. कपाळ माझं!

रविवारी सासरे आले. नवापूरचे मच्छीमार, ऐंशी पार केलेले, जिभेला मात्र अजून धार. त्यांनी दोनदा अपघात पाहिला, एक डबा उचलून उलटा केला आणि बोटाने चाकं फिरवून बघितली. ती जागची वळेनात.

"जावयबापू, याला फाशी दिली का तुमी? बंद पडलेली होडी वढून आणतो तवा आमी दोर ताणून नाय बांधत. लाट आली का तुटतो. ढिलं सोडा जरा."

होडीवाल्याने फिटरला शिकवावं! मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि प्रत्येक स्क्रू अर्धा आटा सोडला. हूकही थोडे उघडले. चाकं वळणाबरोबर वळायला लागली.

एक फेरी. दोन. तीन. चार. पाचवी पुरी झाली तसा मी ओरडलोच, "झाल्या! बघा, पाच झाल्या!"

वळून बघतो तर बायकोने ताटं जमिनीवर मांडलेली. सासरे खाली बसायला बघत होते, पण पाय वाकत नव्हते. ती एका हाताने त्यांना धरून होती आणि दुसऱ्या हाताने भिंतीला.

"जिंकलात," ती म्हणाली. "आता बाबांना बसवायला हात द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी बंद केली, रूळ होते तसे उचलून पलंगावर टाकले आणि ताटं टेबलावर ठेवायला लागलो.

"अहो, आधी पुसा तरी! भाताला स्पिरिटचा वास येईल."

मी पुसलं. आठ महिन्यांनी ती खुर्चीवर बसली, पाय लांब केला आणि डोळे मिटून "आई गं" म्हणाली.